फणस आधी की खांब?

सावंतवाडीत सालईवाड्याच्या एका बोळात फणसाचं झाड आणि विजेचा सिमेंटचा खांब हातभर अंतरावर उभे आहेत. मागे माणग्याचं, म्हणजे इथल्या बांबूचं, बेट आहे. मी दर महिन्याला त्याच दगडावर उभा राहून त्यांचा फोटो काढतो. एप्रिलच्या फोटोत फांद्या छाटलेल्या आहेत आणि तारांभोवती मोकळं आकाश आहे. ऑगस्टच्या फोटोत त्याच तारांच्या मधून माणग्याचा एक नवा कोंब सरळ वर गेलेला दिसतो. मे महिन्यात तो जमिनीवर दिसतसुद्धा नव्हता. बांबूचा कोंब एका पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो, म्हणून मान्सूनपूर्व छाटणी कितीही नीट केली तरी बांबूच्या बेटाला आणखी एक फेरी द्यावीच लागते. एप्रिल ते ऑगस्टचे फोटो शेजारी ठेवले की हे कुणालाही कळतं.

फोटो मोठा करून पाहायची सवय लागली आणि खांब वाचता येऊ लागला. ८ मीटरच्या खांबाचा दीडेक मीटर भाग जांभ्यात पुरलेला असतो. तो खड्डा पहारीनेच पाडावा लागतो. खांब तारेच्या ओढीने झुकू नये म्हणून कोपऱ्यावर ताण दिलेला असतो. वरची तार बहुधा उघडी, मध्ये पोलादाचा एक धागा आणि भोवती ॲल्युमिनियमचे सहा. या तारांना जाडीप्रमाणे स्क्विरल, वीझल, रॅबिट अशी प्राण्यांची नावं आहेत आणि लाईनवरची माणसं तीच वापरतात. ११ हजार व्होल्टच्या लाईनवर चिनी मातीचे पिन इन्सुलेटर बसवतात. विजेच्या तडाख्याने त्यांना केसाएवढी चीर पडली, की कोरड्या हवेत काही जाणवत नाही. पाऊस लागला की चिरेत पाणी शिरतं, तिथून वीज खांबात उतरते आणि फिडर ट्रिप होतो. वायरमन पोचेपर्यंत ऊन पडलेलं असतं, ट्रायल घेतली की लाईन उभी राहते आणि संध्याकाळच्या सरीला पुन्हा जाते. ‘इन्सुलेटर पंक्चर आहे’ हे एक वाक्य उच्चारण्याआधी माणसं मैलोनमैल माना वर करून चाललेली असतात. आंबोलीच्या बाजूला तर रात्री, बॅटरीच्या उजेडात, गव्यांच्या वाटेवरून.

प्रत्येक झाड तारेला आपापल्या रीतीने भिडतं. माडाची उंची छाटता येत नाही, कारण त्याचा वाढीचा कोंब एकच आणि तो शेंड्यात. शेंडा गेला की माड गेला. म्हणून फक्त चुडतं उतरवायची, नाहीतर खांबाने जागा बदलायची. ओलं चुडत उघड्या तारांवर आडवं पडलं तर अख्ख्या वाडीची लाईट जाते. पांगारा हलक्या, ठिसूळ लाकडाचा. त्याच हलकेपणामुळे इथल्या चितारी मंडळींनी त्याची खेळणी केली आणि त्याच हलकेपणामुळे वाऱ्याला त्याची फांदी आधी मोडते. फणस दमदार, पण पसरट.

छाटणीचा दिवस मी एकदा सकाळपासून पाहिला. शटडाऊनचं परमिट मिळाल्याशिवाय शिडी खांबाला टेकत नाही. एबी स्विच उघडून कुलूप लावतात, लाईन मेलेली आहे याची खात्री करतात आणि कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड टाकून तारा जमिनीशी जोडतात. दोन्ही बाजूंना, कारण कुणाच्या घरातला चुकीचा जोडलेला जनरेटर उलट्या दिशेने तार जिवंत करू शकतो आणि डीपीवरचा लहान ट्रान्सफॉर्मर ती वीज पुन्हा हजारो व्होल्टवर चढवतो. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी जनरेटर आहे, त्यांनी चेंजओव्हर स्विच आजच तपासावा. वर चढलेल्या माणसाचा जीव त्यावर असतो.

माझी तक्रार फांदी कुठे तोडतात याबद्दल आहे. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे सालीची फुगीर वळी असते. तिच्या लगत बाहेरून काप घेतला तर झाड स्वतः जखम बंद करतं. अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हे दाखवून दिलं. फांदी मध्येच तोडली, तर थुटुक कुजतं आणि त्याखालून फुटव्यांचा झुपका उसळतो. हे फुटवे वेगाने वाढतात, सालीपुरते चिकटलेले असतात आणि पुढच्या वादळात तारेवर पडणारे तेच असतात. वाईट काप म्हणजे पुढच्या वर्षीचा बिघाड आजच लावून ठेवणं. माझ्या फोटोंत असे झुपके असलेली झाडं बरीच आहेत, आणि दर पावसाळ्यात ती तारेच्या आणखी जवळ आलेली दिसतात.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून उत्तरेला गेलं. जिल्हाभर झाडं खांबांवर आली, तारांनी शेजारचे खांबही ओढले. मेणबत्त्यांच्या त्या दिवसांत ‘लाईट इली काय?’ हाच वाडीवाडीचा नमस्कार होता. तेव्हा कुठल्या खांबावर कुठलं झाड पडलंय हे फोनवरून समजावणं फार जड गेलं. तेव्हापासून मी खांबावर रंगवलेला क्रमांक असला तर तोही फोटोत घेतो. विजेच्या १९१२ या हेल्पलाईनवर तक्रार करताना ‘वडाच्या पुढचा खांब’ यापेक्षा क्रमांक लवकर पोचतो. लटकलेल्या तारेचा फोटो मात्र लांबूनच. पाऊस असताना तर जवळ जाऊच नये.

झाड आधी की लाईन, हा प्रश्न कायद्यातही आहे. विद्युत कायदा २००३ च्या कलम ६८ प्रमाणे तारांना अडथळा ठरणारं झाड कार्यकारी दंडाधिकारी काढायला लावू शकतात. पण ते झाड लाईन टाकण्याआधीपासून उभं असेल, तर ज्याचा त्यावर हक्क आहे त्याला वाजवी भरपाई द्यावी लागते. हे वाचल्यावर मी बोळातल्या त्या फणसाच्या घरी जुन्या फोटोंबद्दल विचारलं. घरातल्या आजींनी पत्र्याची पेटी उघडली. मुंजीचा एक काळापांढरा फोटो निघाला. अंगणात मांडव, बटू, पाहुणे. मागे फणस, आजच्या निम्म्या घेराचा, खोडाला लगडलेले फणस मोजता येतील इतका स्पष्ट. त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे. मांडवाच्या खांबाला कंदील टांगलेला आहे.