दोन दरवाजांचे ग्रंथालय

शिकागोच्या मिशिगन अव्हेन्यूवरची ही भव्य इमारत १८९७ साली सार्वजनिक ग्रंथालय म्हणून उघडली. तिला दोन दरवाजे, दोन्ही मानाचे. दक्षिणेच्या दरवाजाने वाचक येत आणि उत्तरेच्या दरवाजाने यादवी युद्धात लढलेले वयस्क शिपाई. या जागेवर माजी सैनिकांनीही हक्क सांगितला होता. शेवटी तडजोड झाली ती अशी : इमारत एकच, पण उत्तरेची दालने पन्नास वर्षे ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ या त्यांच्या संघटनेकडे.

मी मुद्दाम उत्तरेकडून शिरलो. जिना चढून गेल्यावर गर्द हिरव्या संगमरवराचे सभागृह लागते. त्याच्या भिंतींवर लढायांची नावे कोरलेली आहेत. शेजारच्या दालनावर ४० फूट व्यासाचा घुमट आहे, सुमारे ६२ हजार काचतुकड्यांचा. गर्दी मात्र दक्षिणेच्या टिफनी घुमटाखाली असते. मला उत्तरेचा हा घुमटच जास्त भावला.

२०२२ साली या दालनांचा जीर्णोद्धार पुरा झाला. कोपऱ्याकोपऱ्यांत नजर जाते ती त्या कारागिरीमुळे. भिंतींवर पुढच्या पिढ्यांनी रंगांचे हात चढवले होते. असे काम हाती घेताना आधी बोटभर जागा निवडतात आणि एकेक थर सोडवत मूळ रंगापर्यंत पोचतात. त्याबरहुकूम नवे मिश्रण कालवले जाते. काचेचे काम त्याहून नाजूक. तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले असतात. शिसे मऊ, वर्षानुवर्षांच्या वजनाने ते वाकते आणि काच तडकते. म्हणून तावदान उकलण्याआधी त्यावर कागद ठेवून घासून ठसा घेतात. कुठला तुकडा कुठे, हे त्या कागदावर राहते. मग काचा सुट्या करायच्या, धुवायच्या, शिसे नवे घालायचे. तडा गेलेला तुकडा होता होईतो टाकायचा नाही, सांधायचा. त्या रंगाची, त्या पोताची काच पुन्हा मिळणे कठीण. हा हट्ट मला फार मोलाचा वाटतो.

इथे एकेकाळी शिपायांचे संग्रहालय होते : शस्त्रे, गणवेश, निशाणे, छायाचित्रे, पत्रे. शिपाई संपत गेले. १९५६ साली शेवटचा माजी सैनिक वारला आणि संघटना विसर्जित झाली. त्याआधीच संग्रह ग्रंथालयाच्या ताब्यात आला होता. १९९१ साली ग्रंथालय शहराचे माजी महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन यांच्या नावाच्या नव्या इमारतीत गेले, तेव्हा वस्तूही सोबत गेल्या. दालन इथे, वस्तू तिथे. ही ताटातूट मला खटकते. पण जुने कापड आणि कातडे उजेडाने विरते, दमटपणाने कुजते आणि या दालनांत आता समारंभ होतात. वस्तूंच्या जिवाचा विचार केला तर निर्णय योग्यच आहे.

म्हणून इथे येणाऱ्याने पायी पंधरा-वीस मिनिटांवरच्या त्या ग्रंथालयातही जावे. तिथे विशेष संग्रह विभागात शिपायांची पत्रे जपून ठेवली आहेत. ती वाचायला मागता येतात.