ज्वालामुखीची खोली

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात, एका साध्याशा वस्तीत एक इमारत आहे. तिच्यातल्या एका खोलीला आतून सगळीकडे जाड गाद्या लावल्या आहेत. आत मोठाल्या उशा, ठोसे मारायची लोंबती पिशवी आणि कापूस भरलेली चित्रविचित्र जनावरं. मुलांनी आत जायचं, उशा बडवायच्या, भिंतीवर अंग झोकून द्यायचं, घसा बसेपर्यंत ओरडायचं. स्वतःला किंवा दुसऱ्याला लागू द्यायचं नाही, एवढं पाळलं की झालं. या खोलीचं नाव ज्वालामुखीची खोली. इथे येणाऱ्या प्रत्येक मुलाचं जवळचं कुणीतरी वारलेलं असतं. बहुतेकांची आई किंवा वडील, काहींचा भाऊ किंवा बहीण.

संस्थेचं नाव डगी सेंटर. १९८२ पासून चालू आहे. दवाखाना नाही, अनाथाश्रम नाही, शाळाही नाही. ज्या घरात मृत्यू झाला आहे त्या घरातल्या मुलांनी आणि मोठ्यांनी पंधरा दिवसांतून एकदा इथे यायचं, दीडेक तास आपल्यासारख्याच इतरांबरोबर काढायचा आणि घरी जायचं. पैसे पडत नाहीत. सगळा कारभार देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालतो. वर्णन एवढंसंच, पण हे ज्या रीतीने चालतं ती रीत नीट पाहण्यासारखी आहे.

डगी हा एक मुलगा होता. मेंदूत गाठ. नऊ वर्षांचा असताना त्याने डॉ. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांना पत्र लिहून विचारलं होतं की जगणं म्हणजे काय, मरणं म्हणजे काय आणि लहान मुलांना का मरावं लागतं. मरणाऱ्या माणसांशी मोकळेपणाने बोललं पाहिजे, हे वैद्यकीय जगाला ठणकावून सांगणाऱ्या या बाई. (शोकाच्या ज्या पाच पायऱ्या त्यांच्या नावावर सगळीकडे सांगितल्या जातात, त्या १९६९ च्या पुस्तकात त्यांनी मरणाच्या दारात उभ्या असलेल्या रुग्णांबद्दल मांडल्या होत्या. मागे राहिलेल्यांच्या गळ्यात त्या नंतर बांधल्या गेल्या आणि अजून सुटलेल्या नाहीत.) डगीच्या पत्राला त्यांनी हाताने लिहिलेली, रंगीत चित्रं काढलेली एक छोटी पुस्तिकाच उत्तरादाखल पाठवली. पुढे ती छापली गेली.

उपचारांसाठी डगी पोर्टलंडला आला, तेव्हा बेव्हरली चॅपल नावाच्या परिचारिकेशी त्याची ओळख झाली. बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. वॉर्डातले मोठे लोक आजारी मुलांसमोर विषय टाळत होते, डॉक्टर आईबापांना बाहेर बोलावून कुजबुजत होते आणि आत मुलं आपापसात सगळं बोलत होती. कुणाला काय झालंय, कोण जगणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. डगी तेराव्या वर्षी गेला. पुढच्या वर्षी चॅपलबाईंनी मोजक्या मुलांना आपल्या घरी एकत्र बसवलं. त्यातून संस्था उभी राहिली. नाव डगीचं दिलं.

एक बैठक कशी होते ते सांगतो. मुलं वयाप्रमाणे गटांत विभागलेली असतात. अगदी तीन वर्षांच्या पोरांचाही गट असतो, अठरा ओलांडलेल्या तरुणांचाही. त्यातही कोण गेलं आणि कसं गेलं याप्रमाणे गट पडतात. ज्यांच्या घरात कुणी आत्महत्या केली त्यांचा वेगळा, ज्यांच्या माणसाचा खून झाला त्यांचा वेगळा. सुरुवातीला सगळे गोल बसतात. एक काठी हातोहात फिरते. ज्याच्या हातात काठी त्याने आपलं नाव सांगायचं, आपलं कोण वारलं ते सांगायचं, कशाने ते सांगायचं. बोलायचं नसेल तर नुसतं ‘पुढे’ म्हणून काठी शेजारच्याला द्यायची. कुणी आग्रह करत नाही. महिनोन्महिने काठी पुढे सरकवणारं मूल असतं, आणि एखाद्या दिवशी तेच मूल काठी धरून ठेवतं.

मग खेळ. वाळूची पेटी, रंग, बाहुल्यांचं घर, वेषांतराचे कपडे, वाद्यं. एका खोलीत इस्पितळ मांडलेलं असतं. तिथे खाट, स्टेथोस्कोप, बँडेजच्या पट्ट्या. ज्या मुलाला आयसीयूच्या दारातून परत पाठवलेलं असतं, ते इथे स्वतः डॉक्टर होतं, मोठ्या माणसाला खाटेवर झोपवतं आणि त्याला जगवतं किंवा मारतं. दोन्ही चालतं. स्वयंसेवकाने ‘असं नको, त्याला बरं कर’ म्हणायचं नाही. त्याला शिकवलेलं असतं ते एवढंच की मूल जे करतं, जे बोलतं, तेच त्याला परत ऐकवायचं. ‘बाबा खोटारडा होता’ असं मूल म्हणालं तर ‘तुला बाबाचा राग आलाय’. ‘असं बोलू नये, बाबाचं तुझ्यावर किती प्रेम होतं’ हे वाक्य इथे कुणी उच्चारत नाही. मला वाटतं, सगळं प्रशिक्षण या एका वाक्याला आवर घालण्यासाठीच असावं.

त्याच वेळी शेजारच्या खोलीत मोठी माणसं बसलेली असतात. मागे राहिलेली आई, वडील, आजीआजोबा, मूल ज्यांच्याकडे आलंय ते मामा-मावशी. मुलांसाठी उघडलेल्या जागेत मोठ्यांनाही बसवण्यामागे व्यवहारी शहाणपण आहे. मूल दीड तास इथे आणि उरलेले पंधरा दिवस घरी असतं. घरातली बाई स्वतःच कोसळलेली असेल तर ते पोर आपलं दुःख गिळून तिला सांभाळू लागतं. आणि असं पोर बाहेरून फार शहाणं दिसतं. शाळेत त्रास नाही, हट्ट नाही, अभ्यास वेळेवर. सगळे कौतुक करतात.

चार-पाच वर्षांच्या मुलाला मरण कायमचं असतं हे कळत नाही. ते दहादा विचारतं, बाबा कधी येणार. सहा ते नऊच्या मुलांना मरण कळू लागतं, पण ते आपल्यामुळे आलं असं अनेकदा वाटतं. मी त्या दिवशी भांडलो म्हणून, मी ‘मर’ म्हणालो म्हणून. हे ती कुणालाही सांगत नाहीत, कारण कबुली दिली तर शिक्षा होईल. म्हणून डगी सेंटरचा आग्रह असतो की मुलाला वयाला झेपेल अशा शब्दांत पण खरं सांगावं. कर्करोग असेल तर कर्करोग, आत्महत्या असेल तर आत्महत्या. लपवलेलं पोराला आज ना उद्या वर्गातलं दुसरं पोर सांगतंच.

२००९ च्या जूनमध्ये कुणीतरी या संस्थेच्या घराला आग लावली. खोल्या, खेळणी, सगळं गेलं. बैठका दुसऱ्या जागांत भरू लागल्या आणि काही वर्षांनी नवी इमारत झाली. ज्वालामुखीची खोली त्यातही आहे.

या धर्तीवर जगात शेकडो केंद्रं निघाली. त्यातलं जपानचं उदाहरण आपण मुद्दाम पाहावं असं आहे. तिथली आशिनागा ही संस्था मुळात पैशांची मदत करणारी. अपघातात आईबाप गमावलेल्या मुलांना शिष्यवृत्ती देत असे. नावही त्यावरूनच आलेलं. जीन वेब्स्टर यांच्या १९१२ च्या ‘डॅडी-लाँग-लेग्ज’ या कादंबरीत अनाथ मुलीचा खर्च करणारा एक अज्ञात गृहस्थ आहे, त्या लांबटांग्या बापाचं जपानी नाव म्हणजे आशिनागा. १७ जानेवारी १९९५ ला कोबेचा भूकंप झाला. संस्थेचे कार्यकर्ते पडझडीतून फिरले आणि आई किंवा वडील किंवा दोघेही गमावलेली ५७३ मुलं त्यांनी शोधून काढली. फीची सोय झाली. त्याच उन्हाळ्यात त्यांनी मुलांना समुद्रकाठी सहलीला नेलं. तिथे दहा वर्षांच्या एका मुलाने इंद्रधनुष्य काढलं आणि ते काळं रंगवलं. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेला त्या चित्राने हलवलं. पैसे पोचले होते, पण मुलापर्यंत आपण पोचलो नाही, हे त्यांनी मान्य केलं. माणसं पोर्टलंडला शिकायला गेली. १९९९ च्या जानेवारीत कोबेत ‘इंद्रधनुष्याचं घर’ उघडलं आणि गाद्यांच्या भिंतींची खोली त्यातही आली. २०११ च्या त्सुनामीनंतर ईशान्य किनाऱ्यावर अशी आणखी घरं बांधली गेली.

आता आपल्याकडे बघू. दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेवलेला असतो आणि कावळा शिवत नसतो. माणसं उन्हात ताटकळतात. मग भावकीतला कुणीतरी पुढे होतो, हात जोडतो आणि गेलेल्याला सांगतो: पोरांच्या शिक्षणाचं मी बघतो. धाकटीचं लग्न माझ्याकडे लागलं. शेत विकू देणार नाही. आणि कावळा शिवतो. ही रीत मला फार मोलाची वाटते. चारचौघांत दिलेला तो शब्द असतो आणि बरेच जण तो आयुष्यभर पाळतात. पण घाटावर काय काय कबूल केलं जातं ते ऐका. शिक्षण, लग्न, जमीन. ‘पोराला रात्री भीती वाटली तर मी त्याच्याजवळ बसेन, बापाबद्दल विचारलं तर सांगेन’ असा शब्द कुणी देत नाही. ते पोर मात्र तिथेच उभं असतं. डोकं भादरलेलं, ओल्या पंच्यात, ‘आता तूच घरचा कर्ता’ हे तीन-चार जणांकडून ऐकून झालेलं. नाहीतर त्याला मावशीकडे पाठवून दिलेलं असतं आणि बाबा गावाला गेलेत असं सांगितलेलं असतं.

आपल्या सरकारी मदतीचा साचाही घाटावरच्या शब्दाचाच आहे. शेतकरी आत्महत्येच्या पात्र प्रकरणात कुटुंबाला १ लाख रुपये, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव म्हणून. करोनात दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे राज्याने २०२१ मध्ये ५ लाखांची मुदत ठेव ठेवली, केंद्राने तेविसाव्या वर्षी मिळणाऱ्या १० लाखांची सोय केली. हे हवंच होतं, आणि ते मिळवण्यासाठी विधवा बायांना किती खेटे घालावे लागले तो वेगळ्या लेखाचा विषय. मुद्दा हा, की केंद्राचे पैसे तेविसाव्या वर्षी हातात येतात आणि बाप मेला तेव्हा पोर आठ वर्षांचं असतं. मधल्या पंधरा वर्षांत पोराच्या मनाचं काय, हा प्रश्न पैशाने सुटत नाही.

किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी एक निराळी वाट दिसली होती. ३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. त्यानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. शिक्षणाची जबाबदारी एवढ्या प्रमाणावर उचलण्याचं ते मोठं काम होतं. पण मला त्यातलं दुसरंच जास्त महत्त्वाचं वाटतं. वसतिगृहात शेजारच्या खाटेवरच्या पोराचंही घर गेलेलं होतं. ‘तुझे आईबाबा काय करतात’ हा प्रश्न तिथे कुणी सहज विचारत नसणार. डगी सेंटरच्या गोल बैठकीचा गाभाही हाच आहे. आपण एकटेच नाही आहोत, हे दुसऱ्या मुलाकडून कळणं. मोठ्या माणसाने सांगितलेलं ते मूल ऐकून घेतं, पण त्याला पटतंच असं नाही.

या सगळ्याला मर्यादा आहेत. अशा बैठकांनी नक्की किती फरक पडतो हे मोजणं अवघड आहे, कारण बरीच मुलं माणसांच्या आधाराने आणि काळाच्या ओघात सावरतातच. शोक हा आजार नाही, म्हणून प्रत्येक पोराला उचलून मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचीही गरज नाही. पण महिनोन्महिने खाणं-झोप विस्कटलेली असेल, शाळा सुटली असेल, मूल स्वतःला इजा करत असेल किंवा ‘मलाही बाबाकडे जायचंय’ असं म्हणू लागलं असेल, तर मात्र थांबू नये. हे शेवटचं वाक्य कुणी लाडातलं समजून विषय बदलतं. तसं करू नका. मुलाला सरळ विचारा, जायचंय म्हणजे काय करायचंय. विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेलं काही शिरत नाही.

आपल्याला ज्वालामुखीची खोली बांधायला पोर्टलंडचा पैसा लागत नाही. शाळेची शनिवारी दुपारी रिकामी असलेली खोली, जुन्या गाद्या, रंगपेटी, ऐकून घ्यायला शिकलेले दोन-तीन शिक्षक आणि पंचक्रोशीतली आठ-दहा मुलं. तालुक्याच्या गावी अशी मुलं सापडत नाहीत असं कुणी सांगितलं तर शाळेतल्या कोणत्याही वर्गशिक्षिकेला विचारावं. ती चार नावं घेईल.

तोवर निदान एक करता येईल. पुढच्या वेळी कुणाच्या घरी दुखवट्याला जाल, तेव्हा आत कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलेल्या पोराजवळ दहा मिनिटं बसा. रडू नकोस म्हणू नका, आईकडे बघ म्हणू नका. गेलेल्या माणसाचं नाव घ्या आणि त्याची एखादी आठवण सांगा. आणि घरातल्यांना एक नंबर लिहून द्या: १४४१६. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फोन दिवसरात्र कधीही करता येतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.