चला, मुलांना आपले शहर दाखवू या!

पाहुणा आला की आपण त्याला बीबीचा मकबरा दाखवतो आणि घरी परततो. पण औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, हे बावन्न दरवाजांचे शहर म्हणून ओळखले जाते. एखाद्या रविवारी मुलाबाळांसह ते पायी पाहावे.

सुरुवात भडकल दरवाजापासून करावी. तो मलिक अंबरने उभारला. हा मलिक अंबर कोण? आफ्रिकेत जन्मलेला, बाजारात गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मुलगा. तोच पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी येथे हे शहर वसवले आणि जमिनीखालच्या नहरीने शहराला पाणी दिले. ज्याला माणसांनी विकले, त्यानेच माणसांची तहान भागवली!

जवळच बाबासाहेबांचा पुतळा आहे. तेथे अभिवादन करून पाणचक्की पाहावी. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर येथे जाते फिरवीत आणि दर्ग्यात उतरणाऱ्यांसाठी धान्य दळीत.

आता पाय दुखले असतील. वाटेतल्या एखाद्या हॉटेलात बसा, चहा मागवा, मुलांना खारी द्या. आपल्याला ही साधी गोष्ट वाटते. आपल्या आजोबांना ती साधी नव्हती. गावच्या हॉटेलात त्यांची कपबशी वेगळी, चहा बाहेर उभ्याने आणि कप विसळायचा त्यांनीच. १९५० साली संविधान अमलात आले. त्यातील कलम १५ ने दुकाने, हॉटेले, विहिरी, तलाव सर्वांना खुले केले, तर कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. चहाचा घोट घेताना मुलांना हे जरूर सांगा.

दौलताबादची हकीकतही सांगा. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले होते. वाटेत दौलताबाद किल्ल्याच्या दारातील हौदावर त्यांनी धुळीने माखलेले हातपाय धुतले. तेवढ्यावरून पाणी बाटवल्याचा आरडाओरडा झाला. शेवटी किल्ला पाहता आला, पण पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई देण्यात आला!

त्याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये या शहरात महाविद्यालय सुरू केले. ते आजचे मिलिंद महाविद्यालय. पाणचक्कीहून पुढे नागसेनवनात जाऊन मुलांना ते दाखवा.

शेवटी मकबऱ्यामागच्या डोंगरातील बौद्ध लेणी गाठावी. तिसऱ्या लेण्यात भगवान बुद्धांसमोर गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष उपासक दगडात कोरले आहेत. चौदाशे वर्षांपूर्वीची ही साधी माणसे पाहून मुले आपोआप शांत होतील.

सोबत भाकरी-चटणी बांधून न्यावी. कोणत्याही वास्तूवर नाव कोरू नये, कचरा टाकू नये. ज्या वास्तूंच्या दारात आपल्याला अडवले गेले, त्या जपणे आता आपलेही काम आहे.