रेसिंग गेममध्ये वळणावर गाडी फिरते? घोळ स्टिअरिंगचा नाही, ब्रेकचा आहे

मोबाईलवर खऱ्यासारखे रेसिंगचे गेम खेळणाऱ्या पोरांची एक तक्रार ठरलेली. सरळ रस्त्यावर गाडी सगळ्यांच्या पुढे, आणि वळण आलं की एकतर गवतात, नाहीतर गरकन फिरते. मग स्टिअरिंगची सेटिंग बदल, फोन जास्त तिरका कर, असे उद्योग सुरू होतात. त्याने काही होत नाही, कारण गडबड वळणाच्या आधीच झालेली असते.

असे गेम बऱ्यापैकी खऱ्या गाडीच्या हिशोबाने चालतात. टायरची पकड ठरावीक असते आणि ती ब्रेक, वळणं आणि वेग वाढवणं या तिघांत वाटली जाते. ब्रेक पूर्ण दाबून वळायला गेलात तर वळायला पकड उरतच नाही. त्यात वेग दुप्पट झाला की त्याच वळणाला पकड चौपट लागते. ६० ऐवजी ७० च्या वेगाने शिरलात तरी सुमारे ३६ टक्के जास्त!

म्हणून जोरात ब्रेक गाडी सरळ असतानाच मारायचा. वळायला लागलं की तो हळूहळू सोडायचा, झटक्यात नाही. ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकांवर येतं आणि ती रस्ता धरतात. रेस दिली की वजन मागे जातं. उसाची भरलेली ट्रॉली चढावर ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग वळवलं तरी ट्रॅक्टर सरळच जायला बघतो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. गेममध्ये अर्ध्या वळणात रेस दाबली की असंच होतं. याला अंडरस्टिअर म्हणतात. अशा वेळी स्टिअरिंग अजून वळवू नका. उलट थोडं सैल सोडा, रेस कमी करा.

दुसरा प्रकार ओव्हरस्टिअर. घाबरून वळणात रेस एकदम सोडली की मागची चाकं हलकी होतात आणि गाडीची शेपटी बाहेर जाते. शेपटी ज्या बाजूला जातेय, स्टिअरिंग त्याच बाजूला द्या.

राहिली रेषा. वळणात बाहेरच्या कडेने शिरायचं, आतल्या कडेला टेकायचं, परत बाहेर निघायचं. आत थोडं उशिरा टेकलात तर गाडी लवकर सरळ होते, रेस लवकर देता येते.

ही रेषा ट्रॅकवर चालते, कारण तिथे समोरून कुणी येत नाही. घाटात उजव्या वळणावर ती धरली तर गाडी थेट समोरच्या एसटीच्या बाजूला जाते. गेममधून खरे रेसर झालेत, हे खरं आहे. ‘ग्रॅन टुरिस्मो’ खेळणाऱ्यांच्या स्पर्धेतून २००८ मध्ये स्पेनचा लुकास ऑर्डोनेझ, २०११ मध्ये ब्रिटनचा यान मार्डनबरो पुढे आला. मार्डनबरोचा संघ २०१३ च्या ले मां २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसरा आला. पण त्यांना आधी बंद ट्रॅकवर प्रशिक्षण मिळालं होतं.

सराव करायचा तर सेटिंगमध्ये ब्रेक असिस्ट आणि स्टिअरिंग असिस्ट बंद करा, रेस आपोआप लागत असेल तर तीही हाताने द्या. पहिले काही दिवस हराल. गाडी एकच ठेवा, ट्रॅकही एकच, आणि प्रत्येक वळणाला ब्रेक कुठे दाबायचा त्याची खूण ठरवा, कडेचा बोर्ड असो नाहीतर झाड.