स्वस्त मदरबोर्ड : काटकसर की फसवणूक?

दुकानात बिलासाठी, कारखान्यात डिझाइनसाठी किंवा छापखान्यात जुळणीसाठी संगणक घ्यायचा ठरला की व्यापारी बांधव प्रथम किंमत विचारतो. त्यात गैर काही नाही; पैसा कष्टाचा असतो. संगणक जोडून देणारा कागदावर आकडे मांडतो आणि रक्कम खाली आणायची झाली की त्याचा पेन हमखास मदरबोर्डपाशी थांबतो. ‘‘शेठ, साधा बोर्ड टाकू, काम तेच करील,’’ असे तो म्हणतो. हे म्हणणे अर्धे खरे आहे. कोणते अर्धे खरे, हे मात्र गिऱ्हाइकाला ठाऊक असले पाहिजे.

मदरबोर्ड म्हणजे संगणकाच्या पेटीतील मुख्य पाटी. प्रोसेसर, मेमरी, डिस्क सारे तिलाच जोडलेले असते. महाग पाटी घेतली म्हणून संगणक धावू लागत नाही. एकच प्रोसेसर साध्या आणि महाग बोर्डावर बसवला, तर टॅली किंवा बिलाचे काम दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच वेगाने होते. त्यामुळे केवळ हिशेबासाठी भारी बोर्ड घेणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मग स्वस्त बोर्डात कपात कोठे होते? इंटेलच्या प्रोसेसरसाठी एच६१० आणि एएमडीसाठी ए५२० किंवा ए६२० हे चिपसेट असलेले बोर्ड या वर्गात मोडतात. त्यांत मेमरीच्या खाचा बहुधा चारऐवजी दोन असतात आणि जोडण्या कमी असतात. दुकानदाराचे यावाचून काही अडत नाही. खरी कपात वीज पुरवणाऱ्या भागात असते. पॉवर सप्लायकडून १२ व्होल्ट येतात आणि प्रोसेसरला साधारण एकाच्या आसपास व्होल्ट लागतात. हे रूपांतर बोर्डावरील छोटे भाग करतात. महाग बोर्डात ते अधिक असतात व त्यांवर उष्णता शोषणारी धातूची पट्टी असते. स्वस्त बोर्डात ते मोजके आणि पुष्कळदा उघडे असतात. आय-३ किंवा ६५ वॅटच्या रायझन ५ सारख्या प्रोसेसरला एवढे पुरते. पण लग्नाचे व्हिडिओ जुळवणाऱ्याने आय-७, आय-९ सारखा दांडगा प्रोसेसर घेऊन तो अशा बोर्डावर बसवला, तर तासाभराच्या कामात हे भाग तापतात आणि प्रोसेसरला आपला वेग कमी करावा लागतो. प्रोसेसरसाठी मोजलेला पैसा वाया जातो. अशा कामाला बी७६० किंवा बी६५० चिपसेटचा, वीजपुरवठ्याचा भाग भक्कम असलेला बोर्डच घ्यावा.

ही झाली प्रामाणिक स्वस्ताई. दुसरी स्वस्ताई मात्र घातक आहे. आमच्या ओळखीच्या एका कपडे शिवणाऱ्या कारखानदाराने ‘नवा’ म्हणून एक बिनब्रँडचा बोर्ड पक्क्या बिलाशिवाय घेतला. आठ महिन्यांनी, ऐन ईदच्या हंगामात, तो बंद पडला. विकणाऱ्याने हात वर केले. नवा बोर्ड आणला तर त्यावर जुना प्रोसेसर बसेना, जुनी मेमरीही चालेना. तिन्ही वस्तू नव्याने घ्याव्या लागल्या आणि दोन दिवस माल बिलाविना अडकला. डिस्क शाबूत राहिली म्हणून उधारीची नोंद वाचली, एवढेच सुदैव.

तो बोर्ड एच६१ चिपसेटचा होता. हा चिपसेट २०११ सालचा. तो इंटेलच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरसाठी होता आणि मेमरी डीडीआर३. जुन्या बोर्डांवरून उतरवलेले चिपसेट नव्या पाटीवर बसवून असा माल विकला जातो. पाटी कोरी दिसते. आतला जीव जुना असतो. शिवाय विंडोज १० ची नेहमीची सेवा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आणि इतके जुने प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत नाहीत. जीएसटी आणि बँकेचे व्यवहार ज्या यंत्रावर करायचे, त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळू नयेत, ही जोखीम किमतीतील बचतीपेक्षा मोठी आहे.

म्हणून खरेदीपूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) पक्के बिल घ्यावे व त्यावर बोर्डाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. नामांकित कंपन्यांची वॉरंटी भारतात साधारणतः तीन वर्षांची असते, ती अशा बिलावरच वसूल होते. नियमित जीएसटी भरणाऱ्याला १८ टक्के कराची वजावटही बिलामुळेच मिळते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ती मिळत नाही.

२) आपला प्रोसेसर त्या बोर्डाच्या यादीत आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. एच६१० च्या सुरुवातीच्या बोर्डांना तेराव्या व चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी बायॉस अद्ययावत करावा लागतो. ते काम दुकानदाराकडूनच करून घ्यावे.

३) जुनी मेमरी वापरायची असल्यास जात पाहावी. डीडीआर४ च्या खाचेत डीडीआर५ बसत नाही. एच६१० चे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात.

४) बोर्डात वाचवलेल्या पैशातून चांगला पॉवर सप्लाय आणि यूपीएस घ्यावा, अर्थिंग तपासावे. विजेच्या चढउतारापुढे महाग बोर्डही टिकत नाही.

५) हिशेबाची प्रत रोज रात्री वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी.

सारांश, काउंटरवरील साध्या कामाला नामांकित कंपनीचा स्वस्त बोर्ड बेलाशक घ्यावा. त्यात शहाणपणच आहे. पण बिल नाही, नाव नाही, वॉरंटी ‘माझ्या जबानीवर’, असे ऐकू आले की बोर्ड फुकट मिळत असला तरी दुकानाची पायरी उतरावी. कापडाचा पोत आपण बोटांनी ओळखतो, तशी बोर्डाची पारख डोळ्यांनी होत नाही. तेथे कागदच पाहावा लागतो.