वाफेवर निथळणारा रस

पुणे-सोलापूर महामार्गावर टेंभुर्णीला रस्ते फुटतात. एक पंढरपूरकडे जातो, एक कुर्डुवाडी-बार्शीकडे, एक करमाळ्याकडे. भीमेवरच्या उजनी धरणाने या पट्ट्यातली शेती पालटली. ऊस वाढला आणि त्याच्या जोडीला डाळिंब, द्राक्ष, केळी आली. उसाला कारखाना आहे, रसवंती आहे. फळांचे तसे नाही. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी प्रतवारीत तडकलेले आणि डागी फळ बाजूला पडतेच. द्राक्षांची पेटी भरताना घडाचे सुटलेले मणीही मागे राहतात. यातला बराच माल आतून धड असतो. त्याला भाव नसतो, एवढेच. अशा मालासाठी घरात ठेवावे असे एक साधे यंत्र म्हणजे स्टीम ज्युसर.

हे भांडे थंड प्रदेशातले. फिनलंडमध्ये ‘मेहू-माइया’ या नावाने ते घरोघरी माहीत आहे. तिथे रानातल्या बेरींचा रस हिवाळ्यासाठी असाच काढून ठेवतात. रचना आपल्या मोदकपात्राच्या जवळची. तळाच्या भांड्यात पाणी. त्यावर रस साठवणारे मधले भांडे, ज्याच्या मधोमध उभी पोकळ नळी असते. त्यावर फळांची चाळणी आणि झाकण. वाफ नळीतून वर चढते आणि फळांवर थंड होते. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता मोकळी होते. तेवढ्याने फळाच्या पेशी फुटतात, रस मधल्या भांड्यात निथळतो आणि त्या भांड्याला जोडलेल्या रबरी नळीचा चिमटा काढला की थेट बाटलीत उतरतो. ना पिळणे, ना फडक्याने गाळणे.

काळ्या द्राक्षांत या पद्धतीचे खरे सामर्थ्य दिसते. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी शोधलेले ‘शरद सीडलेस’ हे काळे वाण घ्या. त्याचा रंग सालीत असतो, गरात नव्हे. मणी नुसते दाबले तर रस फिका निघतो. वाफेने साल मऊ होते आणि तिचा जांभळा रंग रसात उतरतो.

डाळिंबाला मात्र मेहनत घ्यावी लागते. साल आणि आतले पांढरे पापुद्रे टॅनिनने भरलेले असतात. ते सोबत गेले तर रस तुरट होतो, म्हणून फक्त दाणे चाळणीत घालायचे. मिक्सरमध्ये दाण्यांसोबत बीही भरडले जाते. वाफेत ते अखंड राहते. तडकलेल्या फळात बुरशी दिसली तर ते फळ टाकूनच द्यावे. वाफ त्याला शुद्ध करत नाही.

किंमत मोजावी लागते ती अशी: क जीवनसत्त्व घटते, ताज्या रसाचा वास थोडा बदलतो, वाफेचे थोडे पाणी रसात मिसळते. केळ्यासारख्या गराच्या फळाला हे भांडे उपयोगाचे नाही. तळाचे पाणी आटू देऊ नये. भांडे स्टीलचे घ्यावे, कारण आंबट रसाची अॅल्युमिनियमशी प्रक्रिया होते.

टिकवण्यातही शिस्त हवी. रस पुन्हा उकळीला आणून उकळलेल्या, उष्णता सोसणाऱ्या काचेच्या बाटल्यांत भरायचा, झाकण घट्ट लावायचे आणि भरलेल्या बाटल्या उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटे ठेवायच्या. हे आंबट फळांनाच लागू आहे. टोमॅटोची आंबटाई काठावरची असते, त्यामुळे त्यात लिंबाचा रस मिसळावा लागतो आणि बाटल्याही उकळत्या पाण्यात जास्त वेळ ठेवाव्या लागतात. गाजर-बीटचा रस असा साठवू नये; आंबटपणा नसलेल्या रसाच्या बंद बाटलीत बोट्युलिझमचे विषारी जंतू वाढू शकतात. तो काढला त्याच दिवशी प्यावा.

एकच भांडे वर्षभर कामाला येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षे, जूनमध्ये जांभळे, मग ज्याने जो बहार धरला असेल त्याप्रमाणे डाळिंब. जांभळाची तर बी काढायचीही गरज नाही: गराचा रस खाली उतरतो आणि बिया चाळणीतच उरतात.