मेंदूतील गाठ : एका एमआरआयवर का भागत नाही?

एमआरआयमध्ये मेंदूत गाठ दिसली, की घरच्यांना वाटतं, आता शस्त्रक्रिया लगेच व्हावी. अशा वेळी डॉक्टरांनी आणखी दोन-तीन तपासण्या लिहून दिल्या, तर शंका येते : गाठ दिसलीच आहे, मग हा जादा खर्च कशासाठी?

गाठ आहे हे कळणं वेगळं आणि ती कुठवर काढता येईल हे कळणं वेगळं. इतर अवयवांत गाठीभोवतीचा थोडा निरोगी भाग काढला तरी बहुधा निभावतं. मेंदूत तसं नाही. चुकीच्या जागी धक्का लागला, तर वाचा जाऊ शकते किंवा शरीराची एक बाजू लुळी पडू शकते. शिवाय ग्लायोमा प्रकारच्या गाठीला ठळक कड नसते; तिच्या पेशी आसपासच्या मेंदूत झिरपलेल्या असतात.

म्हणून प्रत्येक तपासणीला वेगळा प्रश्न विचारला जातो. सीटी स्कॅनमध्ये कवटीचं हाड, गाठीत साठलेलं कॅल्शियम आणि ताजा रक्तस्राव चांगला दिसतो. एमआरआयमध्ये मेंदूची रचना आणि सूज कळते. शिरेतून गॅडोलिनियमचं औषध दिल्यावर गाठीचा काही भाग उजळतो. पण उजळलेला भाग म्हणजे संपूर्ण गाठ नव्हे. मंद वाढणाऱ्या अनेक ग्लायोमा उजळतच नाहीत.

पेट स्कॅन गाठीतल्या पेशींच्या हालचालीचा अंदाज देतो. यात एक अडचण आहे. नेहमीच्या पेट स्कॅनला ग्लुकोजसारखा पदार्थ वापरतात आणि निरोगी मेंदूही भरपूर ग्लुकोज खातो. त्यामुळे गाठ त्या उजेडात हरवू शकते. अमिनो आम्लावर आधारित पदार्थ वापरला, तर ती अधिक स्पष्ट दिसते. बायोप्सीसाठी नेमका तुकडा कुठून घ्यावा, हेही त्यावरून ठरवता येतं.

फंक्शनल एमआरआयमध्ये रुग्णाला बोटं हलवायला किंवा मनात शब्द आठवायला सांगतात. त्या वेळी मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिथल्या रक्तातला ऑक्सिजन बदलतो आणि तो भाग टिपता येतो. म्हणूनच सूचना रुग्णाच्या नेहमीच्या बोलीत द्यायला हव्यात. ट्रॅक्टोग्राफी या तपासणीत मेंदूच्या आतल्या तंतूंचे मार्ग दिसतात. हात-पाय हलवणारे तंतू गाठीने बाजूला ढकलले आहेत की ते गाठीतूनच जात आहेत, याचा अंदाज येतो.

ही सगळी चित्रं संगणकावर एकमेकांवर बसवली, की सर्जनच्या हाती एक नकाशा येतो. शस्त्रक्रियागृहातलं न्यूरोनॅव्हिगेशन यंत्र याच नकाशावर उपकरणाची जागा दाखवतं. पण कवटी उघडून द्रव वाहून गेला, की मेंदू किंचित खाली बसतो आणि नकाशा तेवढा चुकू लागतो. गाठीजवळची फंक्शनल एमआरआयची माहितीही कधी कधी फसवी असते. त्यामुळे वाचेच्या केंद्राजवळ काम असेल, तर रुग्णाला जागं ठेवून, त्याच्याशी बोलत शस्त्रक्रिया केली जाते. गाठीचा प्रकार अखेर पॅथॉलॉजीच्या तपासणीतूनच निश्चित होतो.

प्रत्येकाला हे सगळं लागत नाही. मेंदूच्या आवरणातून वाढलेल्या, पृष्ठभागावरच्या लहान मेनिंजिओमासाठी अनेकदा चांगला एमआरआय पुरतो. तेव्हा ‘या तपासणीने शस्त्रक्रियेत काय बदलेल?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा. जुन्या फिल्म आणि सीडी सोबत न्या. शरीरात पेसमेकर किंवा धातू असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आधीच सांगा. आणि शुद्ध हरपत असेल, उलट्या व डोकेदुखी झपाट्याने वाढत असेल, तर कोणत्याही तपासणीच्या तारखेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.